फोकीर, वाघ आणि दंडकारण्य : एका कादंबरीच्या वाचनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्रजी विषयात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या लघुशोधप्रबंधाचे आहे. मी तिची मार्गदर्शक होते. तिचे नाव, महाविद्यालय आणि वर्ष येथे दिलेले नाही. ती पूर्व विदर्भातील जंगलाला लागून असलेल्या एका गावातून आलेली होती, एवढे मात्र सांगणे भाग आहे, कारण पुढे जे घडले त्यात त्या गावाचा वाटा माझ्या मार्गदर्शनापेक्षा मोठा आहे.

तिने निवडलेली कादंबरी अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’, प्रकाशन २००४. विषय ‘स्थलांतरिताची ओळख’. कादंबरी सुंदरबनात घडते. अमेरिकेत सिअॅटलला वाढलेली, बंगाली न येणारी पिया ही डॉल्फिनची अभ्यासक तेथे इरावती डॉल्फिनचा मागोवा घेण्यासाठी येते. दिल्लीत भाषांतराचा व्यवसाय करणारा कनाई आपल्या मावशीच्या, म्हणजे नीलिमाच्या, बोलावण्यावरून लुसिबारी बेटावर येतो, कारण नीलिमाच्या दिवंगत पतीने, निर्मलने, त्याच्यासाठी एक वही मागे ठेवलेली आहे. पियाला होडीतून फिरवणारा फोकीर हा निरक्षर मच्छीमार. त्याची आई कुसुम मरिचझापीत मारली गेली, आणि निर्मलची वही त्याच मरिचझापीबद्दल आहे.

मरिचझापी ही कादंबरीकाराची कल्पना नव्हे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या, बहुसंख्येने नमशूद्र या दलित जातीच्या निर्वासितांना केंद्र सरकारने १९५८ मध्ये सुरू केलेल्या दंडकारण्य प्रकल्पात, म्हणजे बस्तर, कोरापूट आणि कालाहंडीच्या परिसरात वसवले होते. पश्चिम बंगालमध्ये १९७७ मध्ये डाव्या आघाडीचे सरकार आल्यावर त्यांतील हजारो लोक १९७८ मध्ये बंगालकडे परतले आणि अनेक जण सुंदरबनातील मरिचझापी या बेटावर जाऊन राहिले. तेथे त्यांनी बांध घातले, शाळा काढली, मासेमारी सुरू केली. ते बेट राखीव वनात मोडत असल्याने सरकारने वस्ती बेकायदा ठरवली, जानेवारी १९७९ मध्ये नाकेबंदी केली आणि मे महिन्यात लोकांना बळाने हुसकावून लावले. निर्मलच्या वहीवर तारीख आहे १५ मे १९७९.

अडचण

विद्यार्थिनीचा पहिला आराखडा सुबक होता. पहिले प्रकरण सिद्धान्ताचे, दुसरे पिया आणि कनाई यांच्या ‘दुभंगलेल्या ओळखी’चे, तिसरे ‘कादंबरीतील निसर्ग’ या विषयाचे आणि चौथे समारोपाचे. विभागीय संशोधन समितीने तो परत पाठवला. यात दोन विषय आहेत, डायस्पोरा म्हणजे स्थलांतरितांचे जग घ्या किंवा पर्यावरण घ्या, दोन्ही एका लघुशोधप्रबंधात बसणार नाहीत, असे समितीचे म्हणणे होते. आराखड्यापुरते ते बरोबरच होते. दुसऱ्या प्रकरणातली माणसे तिसऱ्या प्रकरणात कुठेच नव्हती, आणि तिसऱ्या प्रकरणातली नदी, खारफुटी आणि भरती-ओहोटी या माणसांच्या मागे टांगलेल्या पडद्यासारखी होती.

मला मात्र अधिक खटकले ते तिसऱ्या प्रकरणाच्या मसुद्यातले एक वाक्य: ‘फोकीर हा निसर्गपुत्र असून तो निसर्गाशी एकरूप झालेला आहे.’ मी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि समासात काहीच लिहिले नाही, कारण काय लिहावे हे मलाही लगेच सुचले नाही. वाक्य कौतुकाचे आहे. तरीही जंगलात राहणाऱ्या माणसाला जंगलाचाच एक भाग मानले की त्याला वेगळे हक्क आहेत असे मानण्याची गरज उरत नाही, आणि वसाहतकाळापासून वनखात्याच्या कागदांनी नेमके हेच केलेले आहे. १८७८ च्या वन कायद्याने रानातले लाकूड, चारा, मध घेणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला सरकारच्या मेहरबानीची सवलत करून टाकले. उत्तर-वसाहतवादी, म्हणजे वसाहतीच्या सत्तेचा वारसा तपासणाऱ्या, दृष्टीने लिहायला बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीच्या हातून तीच भाषा प्रेमाने उतरली होती. सिद्धान्ताचे प्रकरण चोख असूनही हे घडले होते, हे विशेष.

समोरचे पर्याय

आम्ही चार वाटांचा विचार केला. पहिली सर्वांत सोपी होती: समितीचे ऐकून केवळ ओळखीवर लिहायचे. पियाला बंगाली येत नाही, आईवडिलांची भाषा तिच्यासाठी घरातल्या भांडणांची भाषा आहे, आणि ती भारतात येते ती परकी म्हणून, यावर चाळीस-पन्नास पाने सहज झाली असती. पण मग डॉल्फिन हा केवळ तिचा ‘पेशा’ उरला असता. दुसरी वाट केवळ पर्यावरणाची. कादंबरीचे दोन भागच ‘भाटा’ आणि ‘जोआर’, म्हणजे ओहोटी आणि भरती, या नावांचे असल्याने तीही मोकळी होती, पण तिच्यावरून चालताना मरिचझापी हे उपकथानक झाले असते. तिसरी, कादंबरीला मरिचझापीचा दस्तऐवज मानून तिची इतिहासाशी ताडणी करण्याची. ती आम्ही पटकन सोडली. त्यासाठी लागणारे बंगाली आम्हा दोघींनाही येत नव्हते.

चौथी वाट दोन्ही विषय ठेवण्याची, पण एकच प्रश्न विचारण्याची होती. तो प्रश्न सापडण्याआधीच आम्ही ही वाट निवडली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. निवडीमागे माझा एक पूर्वग्रह होता. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकी मूलगामी पर्यावरणवादावर लिहिलेल्या निबंधात असा मुद्दा मांडला होता की, माणूस नसलेले रान हाच निसर्गाचा शुद्ध नमुना मानून ते राखण्याची कल्पना दाट वस्तीच्या गरीब देशात आणली की साधनसंपत्ती गरिबांकडून श्रीमंतांकडे जाते, आणि त्यांनी उदाहरण दिले होते ते १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचे. सुंदरबन त्या प्रकल्पातील पहिल्या राखीव क्षेत्रांपैकी एक. उत्तर-वसाहतवादी पर्यावरणीय समीक्षा म्हणून जी वाचनपद्धती पुढे रुजली, तिचा कणा मला या मुद्द्यात दिसत होता: निसर्ग कशाला म्हणायचे हे कोण ठरवते, आणि ते ठरल्यावर घर कोणाचे जाते. स्थलांतरिताची ओळख आणि पर्यावरण हे दोन विषय इथे एकत्र येतील असे मला वाटत होते. पण वाटणे वेगळे आणि कादंबरीच्या पानांवर दाखवणे वेगळे.

काय केले

सिद्धान्ताचे प्रकरण बाजूला ठेवून मी तिला एक साधे काम दिले. कादंबरीतले कोण कुठून आले याची यादी करायची. माणसे, प्राणी, देवदेवता, सगळे धरून. दोन आठवड्यांनी ती दोनशे पानी वहीतली तीन पाने भरून घेऊन आली. पिया सिअॅटलहून, कनाई दिल्लीहून, निर्मल आणि नीलिमा कलकत्त्याहून. बेटांवर जातिभेदाविना सहकारी वसाहत उभारू पाहणारा डॅनियल हॅमिल्टन स्कॉटलंडहून. शेतकरी-कोळी कुटुंबे हॅमिल्टनच्या जमिनीच्या आशेने ठिकठिकाणांहून. मरिचझापीची माणसे पूर्व बंगालमधून दंडकारण्यात आणि दंडकारण्यातून परत. शेवटी तिने जे लिहिले होते ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले: ‘बोनबीबी, मदिनेहून.’

सुंदरबनात मध गोळा करणारे, खेकडे धरणारे, हिंदू आणि मुसलमान, सगळेच जिचे नाव घेऊन रानात शिरतात ती ही वनदेवी कादंबरीतल्या कथेप्रमाणे अरबस्तानातून भावासोबत अठरा भरतींच्या देशात येते, दोख्खिन राय या व्याघ्ररूपी राक्षसाला नमवते आणि त्याला ठार न मारता भूमीची वाटणी करते: अर्धे रान त्याचे, अर्धी जमीन माणसांची. म्हणजे या प्रदेशाची अधिष्ठात्रीच स्थलांतरित आहे, आणि मनुष्य-वन्यजीव सीमेचा पहिला करारही तिने केलेला आहे. यादीत पुढे डॉल्फिनही होते. मेकाँग नदीत हे प्राणी ऋतूप्रमाणे जागा बदलतात. सुंदरबनात मात्र ते ओहोटीला एका डोहात जमतात आणि भरतीला पांगतात, म्हणजे वर्षाचे स्थलांतर ते दिवसातून दोनदा उरकत असावेत, असा पियाचा कयास आहे. जमीनही स्थिर नाही, बेटे बुडतात आणि नवी वर येतात. ‘मॅडम, इथे मूळचं कोणीच नाही मग,’ ती म्हणाली.

यावर मी तिला दुसरा रकाना आखायला सांगितला: प्रत्येकाला तिथे राहू कोणी दिले. इथे तो प्रश्न सापडला. हॅमिल्टनला जमीन वसाहती सरकारकडून मिळाली. पियाला परवाना लागतो आणि तो तिला मिळतो. वाघाला राखीव क्षेत्र मिळते. बोनबीबीला देऊळ मिळते. सगळेच बाहेरून आलेले असताना ‘बाहेरचे’ ठरवून हाकलले जातात ते फक्त मरिचझापीचे लोक, आणि हाकलण्याचा आधार त्यांचा धर्म किंवा भाषा नसून वन कायदा आहे. स्थलांतरित कोण हे इथे पर्यावरणाच्या नकाशाने ठरते. आराखड्यातल्या दोन प्रकरणांमधली भिंत त्या दिवशी पडली.

पुढच्या वाचनात आम्ही सर्वांत जास्त वेळ एका छोट्या प्रसंगावर घालवला. फोकीर खेकडे धरण्यासाठी पाण्यात लांब दोरी सोडतो. तिला ठरावीक अंतरावर आमिष आणि वजनासाठी खापऱ्यांचे तुकडे बांधलेले असतात. ती उपसण्यासाठी होडी एकाच सरळ रेषेत पुन्हा पुन्हा मागेपुढे न्यावी लागते. पियाला पाण्याची खोली मोजायला नेमक्या अशाच सरळ समांतर फेऱ्या हव्या असतात. एकमेकांची भाषा न कळणारी ही दोन माणसे एकाच होडीत, एकाच फेरीत, आपापले काम करतात. विद्यार्थिनीने आधी या प्रसंगाला ‘निसर्गाच्या सान्निध्यातील मूक प्रेम’ म्हटले होते. आता तिने लिहिले की हा दोन ज्ञानांचा प्रसंग आहे, ज्यातले एक जीपीएसच्या यंत्रावर नोंदले जाते आणि दुसरे फोकीरच्या हातात राहते. ‘निसर्गपुत्र’ हा शब्द तिने स्वतःहून खोडला.

वाघाचा प्रसंग

खरी कसोटी येथे लागली. एका गावात वाघ गोठ्यात शिरून अडकतो. गावकरी छपरातून टोकदार बांबू खुपसून त्याला आंधळा करतात आणि गोठा पेटवून देतात. पिया मध्ये पडते, तिला ओढून बाजूला नेतो तो फोकीर, आणि फोकीर स्वतः त्या जमावात पुढे असतो. ज्याला आपण रानाशी एकरूप मानले तोच वाघ जाळणाऱ्यांत आहे. नंतर कनाई म्हणतो की वाघ ज्या गरिबांना मारतात त्यांची गणतीच होत नाही आणि या क्रौर्यात तुमच्या-माझ्यासारखे लोकही सामील आहेत. पियाचे म्हणणे असे की इतर जीव मारायला आपण मोकळे आहोत असे एकदा ठरले की उद्या पाळी माणसांची, तीही अशाच दुर्लक्षित माणसांची येईल.

मला या प्रसंगात कनाईची बाजू पुढे आणावीशी वाटत होती. गुहांच्या निबंधाशी ती जुळत होती आणि प्रबंध नीट बांधला गेला असता. विद्यार्थिनी अडली. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला गेलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याची बातमी तिच्यासाठी वर्तमानपत्रातली नव्हती. तिने सांगितले, ‘आमच्याकडे वाघानं माणूस नेला की लोक संतापतात, वनखात्याची गाडी अडवतात. पण वाघोबाच्या ठाण्यावर नारळ फोडणंही सोडत नाहीत. दोन्ही खरं असतं.’ तिच्या मते गावकऱ्यांना वाघाचा द्वेष्टा किंवा रक्षक यांपैकी एक ठरवणे ही बाहेरच्या माणसाची गरज होती, आणि पिया, कनाई, लेखक, मी, सगळेच त्या अर्थाने बाहेरचे होतो.

इथे मार्गदर्शक म्हणून मला ठरवायचे होते. मी तिचे म्हणणे राहू दिले, आणि या प्रकरणातला माझा तेवढाच एक निर्णय मला आजही निःशंक बरोबर वाटतो. तिने प्रकरणात दोन्ही बाजू निकाल न देता मांडल्या आणि फोकीरच्या वाक्याकडे लक्ष वेधले: वाघ माणसांच्या वस्तीत येतो तो मरायचे असते म्हणून. हे वाक्य पियापर्यंत कनाईच्या भाषांतरातून पोहोचते आणि आपल्यापर्यंत इंग्रजीतून. फोकीरने नेमके काय म्हटले ते कोणालाच ठाऊक नाही, हे तिने नोंदवले.

दंडकारण्याची बाजू

दंडकारण्याचे प्रकरण मूळ आराखड्यात नव्हतेच. कादंबरीत नीलिमा कनाईला सांगते की निर्वासितांना जिथे वसवले ती जमीन खडकाळ होती, तिथली भाषा त्यांना कळत नव्हती आणि तिथले लोक त्यांना घुसखोर समजून धनुष्यबाणांनी हल्ले करीत. विद्यार्थिनीने ही दोन-तीन वाक्ये वाचून विचारले की ते ‘तिथले लोक’ कोण. मूळ प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही पूर्व बंगालचे निर्वासित वसवले गेले होते. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची बंगाली बोलणारी गावे आहेत. गोंड-माडियांचा मुलूख हा त्यांच्या दृष्टीने निर्जन कधीच नव्हता. निर्वासितांना ‘जंगलात’ वसवताना सरकारने ती भूमी रिकामी मानली, आणि पुढे मरिचझापीतून काढताना दुसरी भूमी रिकामी राहिलीच पाहिजे असे मानले. कादंबरी दुसऱ्या अन्यायाकडे डोळे भरून पाहते. पहिल्यातले आदिवासी मात्र तिच्यात चेहरा नसलेला, बाण मारणारा जमाव होऊन राहतात. मला हे प्रबंधातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

तिला जवळच्या बंगाली गावातील वृद्धांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. आम्ही बरेच दिवस खल केला. मुदत दोन महिन्यांवर आली होती, लेखी संमती आणि भाषांतर यांची सोय नव्हती, आणि ज्यांनी इतके गमावले त्यांच्याकडून एका परीक्षेसाठी आठवणी मागणे मला पटत नव्हते. मुलाखती न घेण्याचे ठरले. ती एका मैत्रिणीच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन आली आणि परत आल्यावर एवढेच म्हणाली की, घरामागे खणलेले तळे आहे, त्यात मासे सोडलेले आहेत, आणि आजी रोज सकाळी आधी त्या तळ्याकडे जाते. हे प्रबंधात लिहायचे नाही असे आम्ही ठरवले होते. त्या आजींची ओळख उघड होणार नाही अशा बेताने ते आता येथे लिहिले आहे.

निष्पत्ती

बदललेला आराखडा समितीने एका दुरुस्तीसह मान्य केला. शीर्षकात ‘ओळख’ आणि ‘पर्यावरण’ हे शब्द जाऊन ‘राहण्याचा हक्क’ आला. लघुशोधप्रबंध वेळेत सादर झाला. बाह्य परीक्षकांनी वाघाच्या प्रकरणाचे कौतुक केले, परंतु दंडकारण्याचे प्रकरण कादंबरीतील मोजक्या वाक्यांवर उभे असल्याचा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता, आणि गुणही त्यामुळे थोडे कमी पडले. मौखिक परीक्षेत त्यांनी विचारले की, शेवटी पिया आपल्या नव्या प्रकल्पाला फोकीरचे नाव देऊ पाहते हा त्याचा सन्मान की त्याच्या ज्ञानाची मालकी बदलणे. तिने उत्तर दिले की नाव देण्याआधी मोयनाला, फोकीरच्या बायकोला, विचारले गेले का हे आधी पाहावे लागेल.

पुन्हा करायचे झाल्यास

सिद्धान्तापासून सुरुवात करणे ही माझी चूक होती. पहिले सहा आठवडे त्यात गेले आणि त्यातूनच ‘निसर्गपुत्र’ आला. यादीचे काम पहिल्या दिवशी द्यायला हवे होते. दुसरे, मरिचझापीत किती माणसे मेली याबद्दल पहिल्या मसुद्यात एकच आकडा ठामपणे दिलेला होता. सरकारी आणि इतर आकड्यांत प्रचंड तफावत आहे हे उशिरा लक्षात आले आणि तो आकडा आम्ही नुसता काढून टाकला. तफावत का आहे, कोणाला मोजले गेले आणि कोणाला नाही, हे लिहिणे अधिक योग्य झाले असते. वाघाने मारलेल्यांची गणती होत नाही या कनाईच्या मुद्द्याला ते थेट जोडता आले असते. तिसरे, बोनबीबीची कथा बंगालीत वाचू शकेल असा एखादा सहवाचक आम्ही शोधलाच नाही, आणि गडचिरोलीत तो सहज मिळाला असता.

आणखी एक गोष्ट आम्हा दोघींच्याही नजरेतून निसटली. काही महिन्यांनी तिचा फोन आला. तेव्हा ती एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होती आणि वर्गासाठी कादंबरी पुन्हा चाळत होती. कादंबरीच्या शेवटी येणाऱ्या वादळात पियाचे सगळे कागद जातात, पण फोकीरने दाखवलेले डॉल्फिनचे मार्ग जीपीएसच्या यंत्रात टिकून राहतात. त्याच वादळात किनाऱ्यावर उतरताना कनाईच्या हातून निर्मलची वही वाहून जाते, आणि मरिचझापीचा वृत्तांत त्याला आठवेल तेवढाच उरतो. डॉल्फिनचे मार्ग वाचले आणि माणसांची नोंद बुडाली, हे एकाच वादळात घडते, आणि आपण दोन्ही प्रसंगांवर वेगवेगळ्या प्रकरणांत लिहूनही ते शेजारी ठेवून पाहिले नाहीत, असे ती म्हणाली. माझ्या कपाटातल्या प्रतीत त्या पानाच्या समासात मी आता ते पेन्सिलने लिहून ठेवले आहे.